अर्ध्या तासापुरता दोर

परतीच्या पावसाच्या तुलाम महिन्यात बांधाला बोट बांधू नये, हे कुट्टनाडात शेंबड्या पोरालाही कळतं. पुष्करनला तर ते सगळ्यांत जास्त कळायला हवं होतं, कारण त्याचा बाप बांधकरी होता. कायलच्या, म्हणजे इथल्या विस्तीर्ण सरोवराच्या, तळाशी बुडी मारायची, काळ्या चिकणमातीचं ढेकूळ उराशी धरायचं, श्वास संपायच्या आत वर यायचं, हा त्याचा जन्मभराचा धंदा. अशाच ढेकळांवर ढेकळं रचून इथले बांध उभे राहिले. बांधाच्या एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला त्या पाण्याच्या पुरुषभर खाली भात. बाहेरून येणारे हे बघून तोंडात बोट घालतात. इथल्यांना त्यात काही वाटत नाही. वाटतं ते फक्त तुलाममध्ये, दुपारी पूर्वेला गडगडायला लागलं आणि भरती चढली की.

त्या दिवशी पुष्करनच्या हाउसबोटीवर दोनच पाहुणे होते. कोइम्बतूरचे निवृत्त हेडमास्तर तिरुमलैसामी आणि त्यांची बायको वडिवम्मा. हेडमास्तरांच्या हातात छापील यादी होती, आलप्पुळ्यात बघायच्या अकरा जागांची. दीपगृह झालं, समुद्रातला मोडका धक्का झाला, नदीकाठचं जुनं चर्च झालं, बदकांचे तांडे झाले. एकेक जागा झाली की सर खिशातून लाल पेन काढून तिच्यावर खूण करीत, पेपर तपासल्यासारखे.

"ड्रायव्हर, सात नंबर कधी?" त्यांनी विचारलं.

"सात नंबर काय, सर?"

"समुद्रसपाटीखालची शेती. पैसे भरताना तुमच्या मालकाने सांगितलं, शेताच्या काठावर जेवण. इथे लिहिलंय."

मालक वर्क्कीच्चन मुतलाळींनी सकाळीच बजावलं होतं, की गेल्या खेपेच्या पाहुण्यांनी तक्रार केलीय, जेवायला सिमेंटच्या धक्क्याला बोट लावलीत आणि समोर काय तर भिंत! पुन्हा असं झालं तर सुकाणू दुसऱ्याच्या हातात देईन. पुष्करन चौपन्नचा. या वयात दुसरी बोट कोण देणार? तेव्हा मण्णडीत्तरेच्या वळणावर त्याने वेग उतरवला. जागा ठरलेलीच होती. शेतातलं पाणी उपसणाऱ्या मोटारघराच्या अलीकडे एक उंच नारळ पाण्यावर कललेला, त्याची सावली बरोबर बोटीवर यायची आणि पलीकडे पिवळंधमक शेत.

बांधावर छत्री घेऊन वनजा उभी होती. नवऱ्याचा जुना शर्ट, खाली लुंगी, डोक्याला टॉवेल. वनजा ही पुष्करनची धाकटी बहीण. गावातल्या सात जणींनी थोरल्या तंकमणीच्या पुढाकाराने हे शेत कसायला घेतलं होतं आणि तुलाममध्ये त्या आळीपाळीने बांधावर पहारा देत. बोट जवळ आली की आधी ओरडायचं, ऐकलं नाही तर ढेकूळ हाणायचं. वनजाचा नेम साऱ्या कालव्यात प्रसिद्ध होता. एका बोटीची काच तिने फोडली होती आणि वर त्या सरंगाला त्याच्या सात पिढ्या आठवतील असं बोलली होती.

"चेट्टा, इथे नाही!" ती भावाला म्हणाली.

"अगं वनजे, म्हाताऱ्याला शेत दाखवतो, दोन घास खाऊ देतो, की निघालो."

"तंकमणी चेच्ची मला फाडून खाईल."

"तुझी चेच्ची कापणीचं मशीन आणायला गेलीय ना गावात? तिला कोण सांगणार? माझी नोकरी जाईल गं, पोरी."

वनजाने मागे वळून शेताकडे पाहिलं. परवा मशीन येणार होतं. गेल्या वर्षी याच दिवसांत पाणी शिरलं होतं आणि सगळं पीक सडलं होतं. या वर्षीही तसंच झालं, तर ती कुवेतला कुणाच्या तरी घरची धुणीभांडी करायला जाणार होती. कागद तयार होते. दोन पोरं पुष्करनच्या बायकोच्या पदरात घालायची, असंही ठरलं होतं. हे सगळं त्या एका पिवळ्या पट्ट्यावर अवलंबून होतं आणि दोघांनाही ते पाठ होतं.

"अर्धा तास," ती म्हणाली. "त्यावर एक मिनिट नाही. भरती लागायच्या आत दोर सुटला पाहिजे."

"सोडला समज."

आणि त्याने दोर नारळाला बांधला. खुंट ठोकायला हवा होता, पण खुंट ठोकला की बांधाला भोक पडतं, आणि नारळ तर काय, बापजाद्यांपासून उभा. इथला माणूस देवावर शंका घेईल, नारळावर घेणार नाही. त्या मुळांखालची माती दहा दिवसांच्या पावसाने लोण्यासारखी झाली होती, हे त्याने पायाने चाचपूनही पाहिलं नाही. एवढा बांधकऱ्याचा मुलगा, आणि अक्कल गहाण टाकल्यासारखा वागला.

जेवण लांबलं. स्वयंपाकी बेबिच्चनने करिमीन मासा केळीच्या पानात भाजला होता. सरांच्या पहिल्याच घासात काटा आला. मग त्यांना काटे काढून दुसरा तुकडा द्यावा लागला. वडिवम्मांना आमटी इतकी आवडली की त्यांनी कृती विचारली, आणि बेबिच्चनला कृती विचारली की तो आजीपासून सुरुवात करतो. तिकडे मोटारघरातून पंपाचा आवाज अडखळायला लागला, म्हणून वनजा तिकडे गेली. जाताना तिने पुष्करनकडे बघून मनगटावर बोट आपटलं. त्याने मान डोलावली.

मग तो बोटीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर, जरा आडवा झाला, डोळ्यांवर पंचा टाकून. पाच मिनिटं, फक्त पाच.

जाग आली ती भोंग्याने. दुमजली बोट होती, वर पोरं नाचत होती, गाणी ढणढणत होती, आणि ती वळणावरून सुसाट येत होती. पुष्करन ताडकन उठला. पाणी चढलं होतं. दोरावरची ओली खूण बघून त्याला कळलं, की अर्धा तास केव्हाच सरला.

"हळू! अरे हळू, बांध आहे!" तो ओरडला. वरच्या एका पोराने त्याला हात हलवून दाखवला.

पहिली लाट आली. बोट उचलली गेली, दोर ताणला आणि नारळाच्या बुंध्यातून कण्हल्यासारखा आवाज आला. पुष्करन गाठीवर तुटून पडला. काथ्याचा दोर भिजून घट्ट झाला होता, नखं तुटली पण गाठ हलेना. "बेबिच्चा, कोयता! कोयता दे!" बेबिच्चन कोयता घेऊन धावला, तोवर दुसरी लाट आली. नारळ हळूहळू, अगदी आरामात म्हणावं असा, पाण्याकडे झुकला आणि बोटीच्या कडेने आडवा झाला. मुळांबरोबर बांधाचा बैलगाडीएवढा लचका निघाला.

क्षणभर काहीच झालं नाही. मग त्या खड्ड्यातून पाण्याची एक जीभ शेताकडे उतरली.

"देवा!" पुष्करन म्हणाला.

मोटारघरातून वनजा धावत आली. तिने खिंडार बघितलं, दोर बघितला, भाऊ बघितला. तोंडाभोवती हात धरून तिने कू घातली. ती लांबलचक हाक बांधावरून पलीकडच्या तुरुत्तावर, त्या लहानशा बेटावर, कुणीतरी उचलली, तिथून पुढे आणखी कुणीतरी. बांध फुटला की कुट्टनाडात फोन करत बसत नाहीत.

माणसं यायला निदान पाव तास लागणार होता. तेवढ्यात खिंडार होतं त्याच्या दुप्पट झालं. कडेची माती पाण्यात ढासळत होती आणि पाणी आता गर्जत शेतात पडत होतं. खालच्या रोपांच्या माना बुडाल्या.

"खिंडाराच्या तोंडावर काहीतरी आडवं टाकायला हवं," वनजा म्हणाली. "बांबू नाहीत, पोती नाहीत. चेट्टा, सगळं जाणार रे! सगळं जाणार!"

पुष्करनने वळून बोटीकडे पाहिलं. साठ फूट लांब, फणसाच्या फळ्यांची, खिळा नाही, सगळी काथ्याने शिवलेली, वर वेताचं छप्पर आणि आत गादीचे पलंग. मुतलाळींचा जीव या बोटीत होता.

"सर, उतरा," तो म्हणाला.

"आमच्या बॅगा..."

"उतरा म्हणतो ना! बेबिच्चा, यांना बांधावर घे, लांब, त्या वडापलीकडे!"

वडिवम्मा आधीच चपला हातात घेऊन उतरल्या होत्या. त्यांनी नवऱ्याचा दंड धरून ओढला. "चला हो. तो माणूस घरचं बुडाल्यासारखा दिसतोय, तुम्हाला बॅगा सुचतायत."

पुष्करनने दोर तोडला, इंजिन चालू केलं, पडलेला नारळ नाळेने बाजूला ढकलला आणि बोट मागे घेऊन खिंडारासमोर आडवी वळवली. पुढचं पाण्यानेच केलं. आत ओढणाऱ्या धारेने बोट धरली, ती बाजूने सरकत गेली आणि धाडकन बांधावर आदळली. आतली भांडी, ताटं, काचेचे पेले, सगळं खळ्ळकन फुटलं. खिंडाराचं वरचं तोंड बंद झालं, पण बोटीचा तळ उथळ. त्याच्या खालून पाणी फुसफुसत आत जातच होतं, उलट जोराने, माती खरवडत.

"तळ टेकला पाहिजे," पुष्करन म्हणाला. तो बोटीच्या तळात उतरला. फळ्यांच्या सांध्यांवर काथ्याची शिवण होती, एकेक टाका अंगठ्याएवढा, काळ्या तेलाने माखलेला. त्याने कोयता उचलला.

वरून बेबिच्चनचं डोकं आलं. "पुष्करा, काय करतोयस? मुतलाळी आपल्याला जिवंत सोडायचा नाही!"

"तू उतर. तू काही बघितलं नाहीस."

"मी गॅसची टाकी तरी घेतो," बेबिच्चन म्हणाला, आणि अशा वेळीही त्याने टाकी, मसाल्याचा डबा आणि उरलेले तीन मासे बाहेर काढले.

पुष्करनने पहिला टाका तोडला, दुसरा, दहावा. फळी सुटली आणि पाणी कारंज्यासारखं त्याच्या छातीवर आलं. दुसरीकडची फळी सुटली. तो कमरेपर्यंत बुडाला, मग छातीपर्यंत, मग त्याला वर पोहत यावं लागलं. त्याच्या मागे बोट जड झाली, कण्हली आणि तळाच्या चिखलावर बसली.

आवाज कमी झाला. वनजाने ओणवं होऊन बांधाखाली पाहिलं. "कमी झालं! पण नाळेकडून येतंय, चेट्टा, तिकडे मोठं भोक आहे!"

आता होड्या येऊ लागल्या. बांबू आले, नारळाच्या झापा आल्या, रिकामी पोती आली. पोत्यांत भरायला माती हवी, आणि बांधावरची माती काढणं म्हणजे दुसरं खिंडार पाडणं. माती तळातूनच आणायची. बुडी मारणारे जुने लोक आता राहिले नव्हते. जे होते ते म्हातारे, नाहीतर आखातात.

पुष्करनने शर्ट काढला आणि बुडी मारली.

बापाबरोबरच्या शेवटच्या बुडीनंतर अठ्ठावीस वर्षांनी. पहिल्याच बुडीला कानात सुया टोचल्या. तळाला हात लागला, बोटं मातीत रुतली, त्याने ढेकूळ ओढलं आणि वर आला तेव्हा डोळ्यांपुढे अंधारी होती. वनजाने ढेकूळ घेतलं, पोत्यात भरलं. तो पुन्हा गेला. आणखी दोघे जण मग त्याच्याबरोबर उतरले, पण त्यांना तळ सापडेना. पुष्करनला सापडत होता. सातवी बुडी, आठवी. नवव्या वेळी तो गेला आणि येईना. वनजा काठावर गुडघ्यांवर बसून पाण्याकडे बघत राहिली. तिला वाटलं, शेत जाऊ दे, बुडू दे सगळं, मी कुवेतला जाते, हा वर येऊ दे.

तो वर आला. खोकत, नाकातून चिखल गाळत, पण ढेकूळ सोडलं नव्हतं. "घे," तो म्हणाला. "बघत काय बसलीस?"

पाच वाजायच्या सुमारास नाळेकडचं भोक बुजलं. बांबू रोवले गेले, झापा बसल्या, पोत्यांचा पहिला थर झाला. पंप धडधडत होता. खालचे दोन तुकडे आडवे झाले होते, पण पलीकडचं सारं शेत उभं होतं. माणसं बांधावर धपाधप बसली.

तंकमणी कशाची बसते! मशीनवाल्याला सोडून ती होडीने आली होती आणि नव्या साडीसकट पाण्यात उतरली होती. सात जणींची ती म्होरकी, आवाज असा की पलीकडच्या काठाची बदकं ऐकतील.

पुष्करनचा फोन बेबिच्चनच्या खिशात वाजला. मुतलाळींना कुणीतरी बातमी दिली होती. बेबिच्चनने फोन कानापासून हातभर लांब धरला, तरी शिव्या सगळ्यांना ऐकू गेल्या. शेवटी "उद्यापासून तोंड दाखवू नको" एवढं स्पष्ट आलं आणि फोन बंद झाला.

"बघू कसा काढतो ते!" तंकमणी गरजली. "आपल्या भातासाठी पुष्करनने मुतलाळीची बोट बुडवली. उद्या सगळे त्या मुतलाळीच्या दारात जाऊ. बांधकऱ्याचा मुलगा शोभलास रे बाबा!"

"शोभला!" दोघातिघांनी म्हटलं. कुणीतरी त्याच्या पाठीवर कोरडा पंचा टाकला. हेडमास्तर वडाखालून चालत आले होते. त्यांनी चिखलाने भरलेला त्याचा हात दोन्ही हातांत धरला.

पुष्करनला तो हात जळता वाटला. गप्प बसलं तर काय बिघडत होतं? नारळ पडला, बांध फुटला, तुलाम महिना आहे, असं होतं. बेबिच्चन बोलणार नव्हता. वनजा बोलणार नव्हती. ती खाली बघत लुंगीचं टोक पिळत होती. पण उद्या हे सगळे त्याच्यासाठी भांडायला जाणार होते, आणि तो त्यांच्या पुढे चालणार होता की काय?

"चेच्ची," तो म्हणाला, "नारळ आपोआप पडला नाही. माझ्या बोटीने पाडला. मी दोर बांधला होता त्याला."

पाठीवरचा पंचा ज्याने टाकला होता, त्याने तो उचलून घेतला.

तंकमणी पुढे आली. "तुलाममध्ये? नारळाला? तू?"

"मी."

"आणि पहाऱ्यावर कोण होतं?" तिने विचारलं, पण तिला ते माहीत होतं. सगळ्यांना माहीत होतं. सगळ्यांच्या माना वनजाकडे वळल्या.

"तिला दिसलं नाही," पुष्करन घाईने म्हणाला. "पंप बिघडला म्हणून ती मोटारघरात होती. मी चोरून बांधला. तिला दिसलं असतं तर तिने ढेकूळच घातलं असतं माझ्या डोक्यात."

"दिसलं होतं," वनजा म्हणाली.

"वनजे, गप बस."

"दिसलं होतं मला. मीच अर्धा तास दिला त्याला. दुसऱ्या कुणाला दिला नसता."

"शेत काय तुझ्या एकटीचं आहे?" तंकमणीचा आवाज एकदम खाली आला होता आणि तो जास्त लागत होता. "सात जणींचं आहे. गेल्या वर्षी गळ्यात गळा घालून रडलो ना आपण याच बांधावर? मग अर्धा तास द्यायचा तुला काय अधिकार? कोण लागतो तो तुझा?"

"भाऊ," वनजा म्हणाली, आणि आता ती रडली, तोंड न झाकता.

एक जण उठून पलीकडे जाऊन थुंकली. दुसरीने साडीच्या निऱ्या खोचल्या, पाठ फिरवली. मग तंकमणीने पाण्याकडे पाहिलं. भरती अजून चढत होती आणि पोत्यांच्या फटीतून एक बारीक धार पुन्हा सुरू झाली होती.

"भांडण कापणी झाल्यावर," ती म्हणाली. "दुसरा थर टाकायचाय. उठा!"

एव्हाना तुरुत्तावरून मातीने भरलेली एक होडी येऊन लागली होती. तिथून खिंडारापर्यंत हातोहात माती द्यायची, म्हणून माणसं रांगेत उभी राहिली. वनजा होडीपाशी गेली, वाकली आणि पहिलं ढेकूळ उचललं. तिच्या पुढे कुणीच उभं नव्हतं. रांग चार हात सोडून सुरू होत होती, आणि कुणी ते अंतर भरायला हलत नव्हतं. ती ढेकूळ पोटाशी धरून तशीच उभी राहिली.

पुष्करन तिच्या पुढे जाऊन उभा राहिला. त्याने ढेकूळ घेतलं. आता ते हातात घेऊन कुणाला द्यायचं, हे त्यालाही कळेना. माती पातळ होऊन त्याच्या कोपरावरून ओघळायला लागली.

मग तंकमणी आली. रांग आणि त्याच्यामधल्या मोकळ्या जागेत येऊन उभी राहिली, तोंड दुसरीकडे करून, आणि दोन्ही हात पुढे केले.

"दे," ती म्हणाली.